बिली बोस्टन 'सर' झाले, आणि आपल्या मंडळींना त्यातही खोट दिसली

विगनकर
रग्बी लीगचा दिग्गज बिली बोस्टन याला नाइटहूड, म्हणजे 'सर' किताब मिळाला. धागा काढायचा नव्हता. पण आपल्याच ग्रुपवरच्या एका लीड्सकर मित्राची पोस्ट दोन दिवस डोक्यात भुणभुण करतेय. सारांश असा: "बोस्टनला नाइटहूड उशिरा मिळालं यात वर्णभेद कसला? उत्तरेतल्या चार गिरणगावांचा खेळ, लंडनला माहीत नव्हता, एवढंच. आणि गडी स्वतः पैशांसाठी वेल्स सोडून आला होता. उगाच रडारड."

तर ऐका. जन्म १९३४, कार्डिफचा टायगर बे, म्हणजे गोदीवरची वस्ती. वडील सिएरा लिओनचे. पोराचं स्वप्न एकच, कार्डिफ क्लबाकडून रग्बी युनियन खेळायचं (युनियन म्हणजे पंधरा जणांचा, तेव्हा बिनपैशांचा रग्बी; लीग म्हणजे तेरा जणांचा, पैसे देणारा). मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नीथकडून खेळला, सैन्यात सिग्नल्स दलाच्या संघाकडून ट्रायांची (चेंडू विरोधी रेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांची) रास घातली, पण कार्डिफने बोलावलंच नाही. १९५३ मध्ये विगन या लीग क्लबाचे लोक नोटा घेऊन घरी आले. आधी हजार पौंड, मग दीड हजार. ही ब्याद जावी म्हणून आईने तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तीन हजार. ते लगेच हो म्हणाले! आता सांगा, पैशांसाठी कोण गेलं?

पुढे विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, अख्ख्या कारकिर्दीत ५७१. १९५४ मध्ये पहिल्या संघाकडून जेमतेम सहा सामने झालेले असताना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर नेला, तिथे १८ सामन्यांत ३६ ट्राय. १९५७ मध्ये विश्वचषकानंतर संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेला, आणि हा परस्पर घरी. कातडीचा रंग चालत नव्हता म्हणून. जून २०२५ मध्ये 'सर' झाला तेव्हा वय ९०, आणि स्मृतिभ्रंश होऊन बरीच वर्षं झालेली. ही रडारड?

पेनाइन पाटील
नाव घेतलं नाहीस तरी पोस्ट माझी आहे हे सगळ्यांना कळलंय, धन्यवाद.

सगळा इतिहास पाठ आहे मला. पण माझा मुद्दा होता *नाइटहूडचा*, तू उत्तर दिलंस *बालपणाचं*. साधा प्रश्न: १८९५ मध्ये युनियनपासून लीग वेगळी झाली, त्यानंतर १३० वर्षांत बिलीआधी एकाही लीग खेळाडूला नाइटहूड नाही. ॲलेक्स मर्फी गोरा, एरिक ॲश्टन गोरा, दोघेही ब्रिटनचे कप्तान. त्यांनाही एमबीई-ओबीई या खालच्या किताबांवरच पाठवलं ना? मग अडवलं कोणी, रंगाने की खेळाने? लंडनवाल्यांच्या लेखी लीग म्हणजे खाण कामगारांची धुळवड. हा वर्गाचा प्रश्न आहे. प्रत्येक ठिकाणी रंग घुसडला की वर्गाचा मुद्दा मरतो.

कार्डिफची माई
पाटील, एक बाजू बरोबर आहे तुमची, म्हणून दुसरी लपवू नका. तो लीगमध्ये आलाच का? युनियनचं दार बंद म्हणून. वेल्सच्या युनियन संघात पहिला काळा खेळाडू १९८६ मध्ये, ग्लेन वेब. बोस्टन तोवर रिटायर होऊन सोळा वर्षं झाली होती! इथून लीगकडे गेलेला क्लाइव्ह सलिव्हनही तसाच. हल शहराने त्याच्या नावाचा रस्ता केला, १९७२ मध्ये ब्रिटनचा कप्तान म्हणून विश्वचषक जिंकला. आमच्या कार्डिफला त्या दोघांचा आणि इथल्याच गस रिझमन या लीग खेळाडूचा पुतळा उभारायला २०२३ उजाडलं. भारतातून सासूबाई आल्या होत्या तेव्हा बघायला नेलं. त्यांनी पहिलं विचारलं, "हे इथलेच ना? मग इथे का नाही खेळले?" दोन मिनिटं मला उत्तर सुचेना.

तेरावा गडी
पैशांसाठी गेला, पैशांसाठी गेला! या वाक्याने माझं डोकंच फिरतं. युनियनवाले 'हौशी' म्हणून मिरवायचे ना? १८९५ ची फूट कशावरून पडली? सामन्यासाठी शनिवारी खाणीत खाडा झाला तर बुडालेल्या मजुरीचे सहा शिलिंग मिळावेत, एवढंच मागणं. डॉक्टर-वकिलांना शनिवार मोकळा, त्यांना तत्त्वं परवडतात. आणि लीगकडे गेलेल्याला युनियनने कायमचं वाळीत टाकलं. १९९५ मध्ये स्वतःच व्यावसायिक झाले तेव्हा तत्त्वं कुठे गेली?

माझ्या मुलाचंच सांगतो. दहा वर्षांचा असल्यापासून लीग क्लबात. डिसेंबरात आडवा पाऊस, मी थर्मास घेऊन रेषेबाहेर, हा चिखलात. चांगल्या म्हणवणाऱ्या एका शाळेत (नाव नको) खेळाच्या सरांनी विचारलं, "अच्छा, *तो* रग्बी?" त्या 'तो'मध्ये सगळं आलं. पोरगा गाडीत घरी येईपर्यंत गप्प.

पेनाइन पाटील
म्हणजे वर्गाचाच मुद्दा. माझीच बाजू मांडलीत, आभार.

तेरावा गडी
तुमची बाजू?? तुम्हीच 'पैशांसाठी आला' लिहिलंत! जे युनियनवाले शंभर वर्षं बोलले तेच. वर्गाची कळकळ आणि बोली साहेबाची. थोडी तरी लाज बाळगा.

पेनाइन पाटील
लाज काढायची नाही. मी बारा वर्षं हेडिंग्लीचा, लीड्सच्या मैदानाचा, सीझन पासवाला आहे.

अर्धवटराव
हेडिंग्लीचा पास म्हणजे विगनच्या धाग्यावर गुन्हाच. 🍿

बाय द वे, बोस्टनला अडवायला गेलेल्यांचं वर्णन आहे का कोणाकडे? आजच्या विंगर्सपेक्षा हा गडी बराच जाड होता म्हणे.

विगनकर
जाड नव्हे, भरीव. वेग होताच, पण बगल देता येत असताना हा समोरच्याच्या अंगावर जायचा. १९६० च्या चॅम्पियनशिप फायनलला ब्रॅडफर्डच्या ओडसलवर ८३,००० वर माणूस होता, त्यात याचे दोन ट्राय. आमच्या गल्लीतले एक आजोबा अजून तो हात कसा मारायचा ते दाखवतात. गेल्या वेळी चहाचा कप गेला त्यात.

विगनची सून
मी इथेच एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तुमचं वर्ग-वर्ण चालू द्या, मी पाहिलेलं सांगते. एक आजोबा, मुलीचं नावही आठवत नाही. टीव्हीवर बोस्टनची बातमी लागली तर ताठ बसले आणि म्हणाले, "बिली!" नुसतं बिली, घरच्या पोरासारखं. नंतर अर्धा तास बोलत होते. त्याच्या पबमध्ये, ग्रिफिनमध्ये, तो स्वतः बिअर ओतून द्यायचा म्हणे. विगनच्या जुन्या मैदानाच्या, सेंट्रल पार्कच्या जागी आता टेस्को सुपरमार्केट आहे, माझी दर रविवारची भाजी तिथलीच. आजोबांना ते सांगितलं नाही.

पण माझा राग वेगळाच आहे. 'तब्येत पाहून राजाने यादी जाहीर होण्याआधीच मान दिला' याचं एवढं कौतुक. दहा वर्षांपूर्वी द्यायचा होता, स्वतःला कळलं असतं तेव्हा! मान माणसासाठी की फोटोसाठी?

पेनाइन पाटील
यावर वाद नाही.

कार्डिफची माई
अगं बाई, पाटलांनी काहीतरी मान्य केलं. तारीख लिहून ठेवते.

अर्धवटराव
माई, तुमचीच तारीख आधी तपासा. वेब नाही, वेल्सचा पहिला काळा खेळाडू मार्क ब्राउन, १९८३. वेब त्याच्यानंतरचा. सगळीकडे चुकीचंच छापतात.

कार्डिफची माई
बरं, १९८३. म्हणजे दार तीन वर्षं आधी, फारच लवकर उघडलं म्हणायचं. खूश?

पेनाइन पाटील
दुरुस्ती करायचीच आहे तर मीही करतो. 'पैशांसाठी आला' हे वाक्य मागे घेतो. आईचा तीन हजारांचा किस्सा मला माहीत नव्हता. पण बाकी पोस्ट तशीच राहील. मर्फी-ॲश्टनचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

विगनकर
देतो. दोन कुलपं होती. मर्फीला एक लागलं, बिलीला दोन्ही. एक तुला दिसतं, दुसरं बघायचंच नाही.

पेनाइन पाटील
कुलपं मोजत बस. शनिवारी तुमच्या मैदानावर येतोय, लीड्सचा स्कार्फ घालून.

विगनकर
ये. तिकीट बोस्टन स्टँडचंच काढ, निदान नाव तरी डोक्यावर राहील. 'पाय' (pie, सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री) माझ्याकडून, विगनच्या पद्धतीने पावात घालून.

तेरावा गडी
पावात 'पाय' खाणाऱ्यांशी मी वाद घालत होतो, हे आत्ता कळलं. मुलाला घेऊन येतो.