मदत हवी आहे: रात्रीच्या दशावतारासाठी पहिला कॅमेरा आणि लेन्स

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ला तालुक्यातला. आजवर सगळं मोबाईलवरच टिपलं. आता पहिला कॅमेरा घ्यायचा आहे, बजेट लेन्स धरून ८० हजार.

माझे काका दशावतारात राक्षसाची कामं करतात. वय ६१, गुडघे दुखतात, अजून एक-दोन मोसमच करीन म्हणतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की त्यांचं काम नीट चित्रित करून ठेवायचं आहे, अगदी आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवतात तिथपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत. गेल्या वर्षी मोबाईलवर केलं. चेहरा म्हणजे नुसता पांढरा डाग आणि तलवारीचा हात फिरला की धुरकट रेघ. काकांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "डोळे खंय दिसतत?" ते मनाला लागलंय.

दुकानदार कॅनन आर५० सोबत १८-४५ मिमी आणि लांबची ५५-२१० मिमी अशा दोन लेन्सचा किट घ्या म्हणतो. मित्र म्हणतो सोनी झेडव्ही-ई१०. दिवसा कधीतरी रापणीचे (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) फोटोही काढेन, पण खरी गरज रात्रीची आहे. दुसरी लेन्स लांबची घेऊ की उजेडाची? आणि इथल्या दमट हवेत ती टिकवायची कशी? मामांच्या लेन्सला कपाटातच बुरशी आली होती.

प्रतिसाद १

५५-२१० आत्ता नको. आर५० आणि १८-४५ घ्या, उरलेल्या पैशांत आरएफ ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). किट लेन्स ४५ वर एफ/६.३ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ला त्याच्या सुमारे बारापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की चित्र दाणेदार होतं) ६४०० लागला असता तिथे ५०० च्या आसपास भागतं. काकांचे डोळे इथेच मिळतील.

या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून ५० मिमी फुल-फ्रेमवरच्या ८० सारखी जवळचं दाखवते, त्यामुळे पंचवीस फुटांवरून उभा माणूस व्हिडिओत जेमतेम मावतो. जागा आधी जाऊन ठरवा. बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही आणि या लेन्सलाही नाही, तेव्हा ट्रायपॉड हवाच. मेनूत व्हिडिओ सिस्टीम एनटीएससी असेल तर पाल करा, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइटचा उजेड फडफडतो. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) मॅन्युअल ठेवून चेहऱ्यावर बेता. मागचा काळोख बघून कॅमेरा स्वतःच उजळवायला जातो, तुमचा पांढरा डाग त्यातूनच आला असणार.

झेडव्ही-ई१० व्हिडिओला चांगला, पण त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. रापण ओढताना भर उन्हात किनाऱ्यावर स्क्रीन दिसत नाही, हे मी शिरोड्याला अनुभवलंय.

प्रतिसाद २

बुरशीचं सांगतो. लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, जेल ओलं झालं की बदला. पावसाळ्यातही लेन्स वापरात राहू दे. किनाऱ्यावरून आलात की खारं पाणी आधी किंचित ओल्या फडक्याने टिपा, मग कोरड्याने. लेन्स तिथे वाळूत बदलू नका. सेकंडहँड घेतलीत तर टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर सोडून द्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ५० मिमी नक्की केली. आता एकच राहिलं: पायपेटी आणि पखवाज रंगमंचाच्या कडेलाच असतात, त्यात काकांचे संवाद बुडतात. आर५० ला बाहेरचा माइक लागतो हे पाहिलं. पण काका सगळीकडे फिरतात, वेशाखाली कॉलर माइक लावला तर दागिन्यांचा आवाज येईल का? कुणी दशावतारात लावून पाहिला असेल तर सांगा, पहिली जत्रा महिन्यावर आली आहे.