मदत हवी आहे: नवख्या लेखिकेच्या फॅनफिक्शनवर तुटून पडलेत, जुन्या कॉमेंट्सचं काय करावं?

लातूरच्या आमच्या लेखन गटातल्या एका मुलीनं पहिली मराठी फॅनफिक्शन (आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यानं लिहिलेली कथा) 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या साइटवर टाकली. चूक खरीच झालीय. कथा दोन मित्रांची, पण नात्याच्या टॅगमध्ये (कथेत कुणाचं कुणाशी नातं ते सांगणारं लेबल) नावांच्या मध्ये '/' पडलं. तिथं '/' म्हणजे प्रेमसंबंध आणि '&' म्हणजे मैत्री. प्रेमकथा समजून उघडणारे भडकले. एकानं नीट समजावलं, बाकीचे 'आधी शिकून ये' छापाचे.

शिवाय संवादातल्या 'काय करूलालास?'ला (म्हणजे 'काय करतोयस?') अशुद्ध ठरवलं. ती आमच्याकडची बोली आहे, चूक नाही. बोली बदलणार नाही.

टॅग लगेच दुरुस्त केला. कॉमेंट मॉडरेशन (लेखिकेनं मंजूर केल्यावरच कॉमेंट दिसणं) चालू केलं, पण ते आधीच्या कॉमेंट्सना लागत नाही. दोन थ्रेड (कॉमेंट आणि तिच्याखालची उत्तरं) फ्रीझ केले, म्हणजे नवी उत्तरं थांबली. जुनी मजकुरासकट दिसतातच. दोघांना ब्लॉकही केलं. कथा डिलीट केली तर चांगल्या कॉमेंट्स आणि कुडोजही (लाइकसारखी दाद) जातील. ऑर्फन केली तर कथा राहते, पण नाव कायमचं सुटतं, परत जोडता येत नाही. म्हणून हे दोन्ही नको. (फक्त खातेदारांनाच कॉमेंट करू देण्याचा पर्याय इथं निरुपयोगी, बोलणारे सगळे खातेदारच आहेत.)

अडचण अशी की समजावणारी कॉमेंट एका तिखट थ्रेडमध्येच, तिसऱ्या उत्तरात आहे. अशा वेळी नुसत्या तिखट कॉमेंट्स पुसाव्यात की सगळा थ्रेड तसाच ठेवावा? आणि 'चूक दाखवा, पण बोली तशीच राहील' हे सुरुवातीच्या नोटमध्ये दोन ओळींत, भांडण न ओढवता, कसं लिहाल?