टेस्ट अँड टॅग शिकायचंय, मेलबर्नला आहे – कोर्स, मशीन, काम याबद्दल सल्ला हवाय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, मग सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. आता बायकोच्या नोकरीमुळे मेलबर्नला आलोय. इथे इलेक्ट्रिशियनचं लायसन्स म्हणजे आधी स्किल असेसमेंट, मग इथल्या नियमांचं ट्रेनिंग, मग कोणाच्या तरी हाताखाली काम, लांबचा रस्ता आहे. तो मी धरणारच आहे पण तोवर हाताला काम पाहिजे आणि ते शक्यतो विजेचंच पाहिजे. एकजण म्हणाले टेस्ट अँड टॅग कर, त्याला लायसन्स लागत नाही, म्हणजे ऑफिस, वर्कशॉप, साइटवरच्या पिनवाल्या वस्तू तपासायच्या आणि वायरला टॅग लावायचा. नेटवर बघितलं तर दोन तासांच्या ऑनलाइन कोर्सपासून दोन दिवसांच्या क्लासपर्यंत सगळं आहे, कुठे मशीनसकट पॅकेज, कुठे फ्रँचायझी घ्या म्हणतात. मला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), अर्थ कंटिन्युटी (अर्थची वायर अखंड आहे का ते बघणं) वगैरे येतं पण इथलं स्टँडर्ड माहीत नाही. शिवाय आमच्या मंडळाच्या गणपतीला हॉलवाल्यांनी सांगितलंय की टॅग नसलेली एकही वस्तू आत आणायची नाही, त्यामुळे लोक आत्तापासूनच माझ्याकडे बघतायत. कुठून सुरुवात करू? खरंच ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

साइटवाला_सिडनी

सगळ्यात आधी, लायसन्स लागत नाही हे बरोबर आहे, पण स्टँडर्डला काँपिटंट पर्सन लागतो, म्हणजे ट्रेनिंग, अनुभव किंवा दोन्हीतून ज्याला हे काम नीट येतं असा माणूस. उद्या तुमचा टॅग असलेल्या ग्राइंडरचा कोणाला शॉक बसला तर पहिला प्रश्न हाच येणार की तुम्ही शिकलात कुठे, दाखवा. त्यामुळे दोन तासांचा ऑनलाइन कोर्स विसरा.

मान्यताप्राप्त युनिट (म्हणजे कोर्सचा घटक) घ्या, त्याचा कोड यूईईआरएल०००३, जुना कोड यूईईएनईईपी०२६ए होता, अजून काही जाहिरातींत जुनाच दिसतो. ट्रेनिंगवाला आरटीओ (इथे त्याचा अर्थ नोंदणीकृत ट्रेनिंग संस्था) आहे का ते ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू वर नंबर टाकून बघा. आणि फोन करून एकच गोष्ट विचारा, क्लासमध्ये प्रत्येकाच्या हातात टेस्टर येतो का आणि मुद्दाम बिघडवलेल्या वस्तू तपासायला देतात का. वायर आत निसटलेला प्लग, अर्थ तुटलेली लीड, फेज-न्यूट्रल उलटी झालेली एक्स्टेन्शन, हे स्वतःच्या हाताने पकडल्याशिवाय डोळा तयार होत नाही. नुसते स्लाइड दाखवणारे असतील तर पैसे घालवू नका.

स्टँडर्ड दोन आहेत. एएस/एनझेडएस ३७६० हे रोजच्या वापरातल्या वस्तूंचं, त्याची २०२२ची आवृत्ती आहे, आणि ३०१२ हे बांधकाम साइटचं. साइटवर पोर्टेबल टूल्सना दर ३ महिन्यांनी टेस्ट आणि टॅगचा रंग पण ठरलेला, डिसेंबर ते फेब्रुवारी लाल, मार्च ते मे हिरवा, जून ते ऑगस्ट निळा, सप्टेंबर ते नोव्हेंबर पिवळा. साइटवर डबल अडॅप्टर आणि पिगीबॅक प्लग (ज्याच्या पाठीवर दुसरा प्लग खोचता येतो) चालत नाहीत, ते दिसले की टेस्ट करायचाच प्रश्न नाही, बाजूला काढायचे.

फ्रँचायझीबद्दल माझं स्पष्ट मत, आत्ता नको. आधी कोणाकडे तरी पगारावर काम करा, त्यांचं मशीन, त्यांचे ग्राहक, तुमचा हात बसू द्या.

गोदाकाठ

खूप धन्यवाद दादा, बराच गोंधळ कमी झाला. युनिटचा कोड नोट केला. मशीनमध्ये नक्की काय टेस्ट होतं, ते पास/फेल लाल-हिरवा लाइट दाखवतं तेवढंच बघायचं का? आणि सगळीकडेच ३ महिने का?

अनघा_पर्थ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे ग्राहकाच्या. मी एका वेअरहाऊसची फॅसिलिटी बघते, टेस्टिंगवाल्यांना मीच बोलावते. सगळीकडे ३ महिने अजिबात नाही आणि जो माणूस मला सांगतो की ऑफिसातला प्रत्येक कंप्युटर दर ३ महिन्यांनी करावा लागेल त्याला मी परत बोलावत नाही. ३७६० मध्ये तक्ताच आहे, फॅक्टरी-वर्कशॉपमधल्या वस्तूंना ६ महिने, जिथे वायर वाकते, घासते, पाणी-धूळ-उष्णता लागते तिथे १२ महिने, आणि टेबलावर एका जागी पडून असलेल्या कंप्युटरसारख्या वस्तूंना ५ वर्षांपर्यंत. कामाच्या जागेचा धोका बघून अंतर ठरतं हे ज्याला समजतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

टॅगवर काय असतं तेही बघून ठेवा, टेस्ट करणाऱ्याचं किंवा कंपनीचं नाव, टेस्टची तारीख, पुढची तारीख. शाई महिन्याभरात उडाली तर तो टॅग माझ्या काही कामाचा नाही. आणि मला प्रत्येक वस्तूची यादी हवी असते, आयडी नंबर, कुठे ठेवली आहे, निकाल काय, फेल झाली तर का. एका कॉन्ट्रॅक्टरने आमच्याकडे एका दुपारी इतक्या वस्तू केल्या की मी रॅकमागे जाऊन बघितलं तर पंख्यांच्या प्लगवर धूळ तशीच, म्हणजे ते प्लग सॉकेटमधून बाहेर आलेच नव्हते, पण टॅग मात्र नवे. असं करू नका हो. त्या टॅगकडे बघून आमची पोरं बिनधास्त हात लावतात.

साइटवाला_सिडनी

अनघाताईंना पूर्ण अनुमोदन.

आता टेस्टचं सविस्तर. पहिली आणि सगळ्यात मोठी टेस्ट म्हणजे डोळे, बहुतेक दोष तिथेच सापडतात. पूर्ण वायर हातातून फिरवायची, चिरा, दबलेली जागा, इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल तर फेलच, प्लगपाशी बाहेरचं आवरण सरकून आतल्या रंगीत वायरी दिसतायत का, पिना वाकल्यात का, जळाल्याचा काळा डाग, कव्हरला तडा, गार्ड गायब. नजरेत फेल झालं तर मशीनला लावूच नका.

मग मेटल बॉडीवाल्या, अर्थ असलेल्या क्लास वनच्या वस्तूला अर्थ कंटिन्युटी, प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंत १ ओमच्या आत. क्लिप रंगावर लावली तर फुकट फेल येतं, उघडं लोखंड, स्क्रू शोधा. टेस्ट चालू असताना वायर हलवत राहा, तुटत आलेली अर्थ तेव्हाच कळते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेली डबल इन्सुलेटेड वस्तू असेल तर अर्थ टेस्ट नाही.

नंतर इन्सुलेशन, म्हणजे आपलं मेगर, ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगओहम. सर्ज प्रोटेक्शनवाला (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) बोर्ड असेल तर २५० व्होल्टला करा, नाहीतर आतला सर्ज अरेस्टर स्वतःच कंडक्ट होतो आणि चांगला बोर्ड फेल दिसतो. आणि कळीची गोष्ट, वस्तूचा स्विच ऑन पाहिजे. ऑफ असेल तर टेस्ट फक्त स्विचपर्यंत जाते, पुढची मोटर, वायंडिंग काही तपासलं जात नाही आणि मशीन खुशाल पास देतं. आता पुष्कळ वस्तूंत रिले किंवा टच बटण असतं, ते वीज आल्याशिवाय ऑन होतच नाही, मग तिथे सप्लाय देऊन लीकेज करंट टेस्ट, म्हणजे किती करंट गळतोय ते मोजायचं, क्लास वनला ५ मिलिअँपच्या आत, डबल इन्सुलेटेडला १ मिलिअँपच्या आत. म्हणून हिरवा लाइट बघून पुढे जाणाऱ्याला हे काम येतं असं मी मानत नाही, समोरच्या वस्तूला कुठली टेस्ट लागू होते ते तुम्हालाच ठरवायचंय. एक्स्टेन्शनला या सगळ्याशिवाय पोलॅरिटी, म्हणजे फेज-न्यूट्रल उलटी नाही ना, ती पण बघायची.

आणि प्लग तुटलाय म्हणून तिथल्या तिथे बदलून देऊ नका, तो वेगळा विषय आहे. क्वीन्सलंडमध्ये तर त्याला लायसन्स लागतंच. फेल टॅग लावायचा, वस्तू बाजूला, मालकाला लेखी कळवायचं. आयटीआयवाल्याचे हात शिवशिवतात ते मला माहीत आहे, पण इथे नाही.

कृष्णाकाठचा

मी सांगलीचा, सध्या चाकणजवळ एका साइटवर सेफ्टीला आहे. वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे असा टॅगचा कायदेशीर धंदा नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या साइटवर हीच पद्धत आली आहे, दर तिमाहीला रंग बदलतो, रंग नसलेलं ग्राइंडर, ब्रेकर, व्हायब्रेटर आत सोडत नाहीत. छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे मात्र अजून पिन टॉपशिवाय (प्लगशिवाय) नुसत्या वायरी सॉकेटमध्ये काडी खोचून चालवतात. मी रोज हे काढायला लावतो, रोज वाद होतो, पण सोडत नाही.

इथून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेल्या पोरांनी ५०० व्होल्टचा मेगर आणि चांगला मल्टीमीटर घेऊन साइटवरच्या प्रत्येक टूलची नोंदवही सुरू करावी, त्याला वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. वहीत तारीख, अर्थ, मेगर रीडिंग. पुढच्या महिन्यात रीडिंग उतरलेलं दिसलं की मशीन खोलायला पाठवायचं, शॉक बसायची वाट बघायची नाही. आणि तात्पुरत्या डीबीत (वीजवाटपाच्या पेटीत) ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), टेस्टचं बटण दाबून बघायचं. बटण दाबून ट्रिप होत नसेल तर तो आरसीसीबी असून नसल्यासारखा.

गणपतीचं तर विचारूच नका. महावितरण दरवर्षी सांगतं की अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, तरी आकडे टाकतातच. भर पावसात लोखंडी मांडव, त्यावर सोललेल्या माळा आणि खाली लहान पोरं. गोदाकाठ, तुम्हाला तिकडे हॉलवाला अडवतोय हे नशीब समजा भावा.

लेस्टरकर

यूकेमध्ये यालाच पॅट टेस्टिंग म्हणतात, मी हेच करतो. इथला नेहमीचा कोर्स सिटी अँड गिल्ड्सचा २३७७. इथे पण पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदा कायद्याने करावंच लागतं असं सांगून ऑफिसवाल्यांना घाबरवतात. तसा कायदा नाही, १९८९ चे इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्स फक्त एवढंच म्हणतात की वस्तू सुरक्षित ठेवा, किती दिवसांनी तपासायची ते धोका बघून ठरवा. ग्राहकाला खरं सांगितलं तर आज काम थोडं कमी मिळतं पण तोच माणूस पुढे दहा जणांना तुमचं नाव सांगतो. यूकेला येणाऱ्यांसाठी एक फरक, इथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो, ३ अँपिअरचा फ्यूज लागणारी वस्तू आणि प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज हे मला फार वेळा सापडतं, प्लग उघडून बघा.

गोदाकाठ

एवढं सगळं लिहिलंत, खरंच मनापासून आभार. पुढच्या महिन्यातला दोन दिवसांचा क्लास बुक करतोय, फोनवर विचारून घेतलं, बिघडवलेल्या वस्तू तपासायला देतात म्हणाले. त्यानंतर टेस्टिंग कंपन्यांत अर्ज करणार, मशीन लगेच घेत नाही.

मंडळाचं मात्र अडलंय. यादी केली, जेवण गरम ठेवायच्या दोन बेन-मरी वर्षभर गॅरेजमध्ये पडून आहेत, भारतातून आणलेले मिक्सर आणि एक वेट ग्राइंडर, सगळे अडॅप्टर लावून चालवतात, आणि मखराच्या लाइटच्या माळा, त्याही नाशिकहून आणलेल्या. यातलं काय पास होईल?

साइटवाला_सिडनी

बेन-मरी होतील बहुतेक, पण एक लक्षात ठेवा. हीटिंग एलिमेंट वर्षभर पडून राहिलं की आतली पावडर दमट हवा शोषते आणि मेगर खाली येतो. पहिल्याच टेस्टला फेल म्हणून टाकून देऊ नका. ज्यांना टेस्टिंगला बोलवाल त्यांना सांगा की आरसीडी (वर सांगितलेल्या आरसीसीबीसारखाच स्विच) असलेल्या सर्किटवर थोडा वेळ तापवून मग परत टेस्ट करा. अर्थ मात्र पहिल्याच वेळी पास झाली पाहिजे, ती झाली नसेल तर तापवायचंसुद्धा नाही. आरसीडीच ट्रिप होत असेल तर विषय संपला, दुरुस्तीला द्या.

मिक्सर आणि ग्राइंडरवर आरसीएमची खूण (वस्तू इथल्या नियमांना धरून असल्याची) नसणार, ती नसलेली आणि अडॅप्टरवर चालणारी वस्तू सार्वजनिक हॉलमध्ये मी तरी टॅग करणार नाही. मंडळाला सांगा वाटण घरून करून आणा, नाहीतर इथला एक मिक्सर मंडळाच्या पैशातून घ्या. नव्या वस्तूला टेस्ट लागत नाही, डोळ्यांनी बघून नवीन वस्तूचा टॅग लावतात, पण हॉलवाल्याला ते चालतं का ते आधी विचारून घ्या.

माळांना मी सरळ नाही म्हणेन. पातळ एकपदरी वायर, पाण्याचा कलश शेजारी, फुलं ओली, आणि पोरं मखराला हात लावणारच. इथे लो व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या एलईडी माळा मिळतात त्या घ्या, मग फक्त तो ट्रान्सफॉर्मर टॅग करायचा.

अनघा_पर्थ

आमच्या मंडळाने अजून एक केलं ते सांगते. सगळ्या घरांना निरोप दिला की आपापली एक्स्टेन्शन आणू नका, मंडळानेच चांगल्या जाड वायरच्या लीड आणि पोर्टेबल आरसीडी घेतल्या, एकदाच टॅग करून एका पेटीत ठेवल्या, पेटीची यादी झाकणावर चिकटवली. साउंडवाला आणि केटररला पत्र गेलं की टॅगचा फोटो आधी पाठवा. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली, आता कोणी विचारतही नाही. गोदाकाठ, हवं असेल तर ते पत्र व्यनि करते, नावं बदलून वापरा.

गोदाकाठ

हो ताई, नक्की पाठवा. या रविवारी मीटिंग आहे, मिक्सर आणि माळांचं तिथेच बोलतो.