जॅक रसेलचं पिल्लू आणायचं म्हणतोय, महिन्याला किती बाजूला ठेवू?

चाळीसगावकर
राम राम मंडळी. लेक पाचवीत आहे. उन्हाळ्यात नाशिकला मावशीकडे गेली आणि शेजाऱ्यांचं जॅक रसेल टेरियर बघून आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिकडेच एकाकडे पिल्लं आहेत. पांढरं अंग, एका डोळ्यावर तपकिरी डाग. २२ हजार सांगतोय. पिल्लू ४५ दिवसांचं आहे, या रविवारीच घेऊन जा म्हणतो. आम्ही दोघं कमावतो, हातात ४६ हजार येतात, त्यातले साडेचौदा घराच्या हप्त्याला जातात. मी महिन्याला दीड हजार धरले आहेत. एवढंसं कुत्रं, खाऊन खाऊन खाणार किती? आईचं म्हणणं, "इतला पैसा कुत्राले? मन्हा चष्मा दोन महिनाफाईन तुटेल शे." (चष्मा कालच करून आणला, तो मुद्दा मिटला.) ज्यांनी पाळलंय त्यांनीच आकडा सांगा. विकणाऱ्यांचे आकडे ऐकून झाले.

पारोळ्याचा भो
गावठी घ्या ना भो. आमच्या गल्लीत आत्ता पाच पिल्लं आहेत, फुकट. वर शेवभाजी माझ्याकडून.

रावेरचा केळीवाला
गावठी फुकट मिळतं, पण लस त्यालाही तेवढ्याच पैशांची लागते भो.

चाळीसगावकर भाऊ, आमचा बिट्टू जॅक रसेलच, आता साडेतीन वर्षांचा आहे. आमच्या सौ. उधारीच्या वहीत मागच्या पानावर त्याचा हिशेब लिहितात, ती वही समोर ठेवून सांगतो. पहिल्या वर्षी पिल्लाची किंमत सोडून ३८,३५० रुपये गेले. महिन्याला बत्तीसशे. तुम्ही धरलेले दीड हजार म्हणजे नुसतं ताट झालं.

आणि ताटात तसं काही विशेष नाही. बिट्टूचं वजन सहा किलो. नुसतं पाकिटातलं दिलं तर तीन किलोची पिशवी महिनाभर जाते. आम्ही अर्धं ते आणि अर्धं घरचं, म्हणजे भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन. तेरा-साडेतेराशेत भागतं. तीन डोस लसीचे, रेबीज वेगळी, जंताचं औषध, पट्टा, भांडी, गादी (गादी तिसऱ्या दिवशी फाडली, नंतर जुनी गोधडी दिली, ती अजून आहे) हे सगळं मिळून पाच हजारांच्या आत. नसबंदीला सहा हजार. इथपर्यंत सगळं आधी कळतं, म्हणून त्याची भीती नाही.

आम्ही मार खाल्ला तो गोचिडांत. पावसाळ्यात चारा आणायला गाडीवर बसून यायचा, कुठून चिकटल्या कळलं नाही. एक दिवस जेवला नाही, दुसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या. गोचीडताप निघाला. रक्ताची तपासणी, आठ दिवस सलाईन, रोज रावेर ते जळगाव जा-ये. ९,४०० रुपये. पेट्रोल सौ.नी वहीत लिहिलंच नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर उन्हाळा-पावसाळ्याचे चार महिने दर महिन्याला गोचिडाची चघळायची गोळी देतो, साडेसहाशेला एक. ती गोळी आधी दिली असती तर हे पान कोरं राहिलं असतं.

दुसरं, हे कुत्रं सोफ्यावर बसायला जन्मलेलं नाही. इंग्लंडात बिळातले कोल्हे बाहेर काढायला ही जात तयार केली. टेरियर हा शब्दच जमिनीवरून आला आहे. आमच्या बागेत ठिबकच्या नळ्यांतून पाणी सुरू झालं की बारीक सुर्र आवाज येतो, त्याला वाटतं आत उंदीर आहे. एका रात्रीत ११ ठिकाणी नळी फोडली. जोड स्वस्त असतात, पण दोन ओळी दोन दिवस कोरड्या राहिल्या, त्याची किंमत वहीत कशी लिहायची? तुमच्याकडे बाग नसेल, पण चपला, चार्जरच्या वायरी आणि कुंड्या असतीलच.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं. आखाजीच्या सुमारास पहाटे साडेपाचला फिरवायचं नाहीतर रात्री आठनंतर, मधल्या वेळेत डांबरावर पाय भाजतात. दुपारी कूलर त्याच्यासाठी चालू ठेवावा लागतो. आणि लग्नसराईत त्याला ठेवणार कुठे? सुरतेला मेहुण्याचं लग्न होतं, चार दिवस जळगावात एकाकडे ठेवला, दिवसाला ४०० घेतले. गल्लीत एखादी प्रेमळ काकू असेल तर आत्तापासून गोडी लावून ठेवा.

दुसऱ्या वर्षापासून मात्र आम्ही वीस हजारांच्या आत आहोत.

धुळ्याची ताई
मी सात वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. केळीवाले दादांनी उंदराचा विषय काढला म्हणून लिहिते. शेतात किंवा गोडाऊनमध्ये उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड टाकतात, त्याच्यावर उतारा नाही. रक्त गोठू न देणाऱ्या वड्यांवर के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं तरी चालतात. टेरियर मेलेला उंदीरही सोडत नाही, तेव्हा शेजाऱ्यांना विचारून ठेवा कोण काय टाकतं. खाल्लंच तर औषधाचं पाकीट सोबत घेऊन पळा.

आणि भाऊ, ४५ दिवसांचं पिल्लू आणू नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे २०१७ चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. लवकर आईपासून तोडलेली पिल्लं चावरी होतात, आणि लस व्हायच्या आत पार्व्हो झाला की रक्ताचे जुलाब. आमच्याकडे अशी पिल्लं आठवड्याला येत, सगळी वाचत नसत. पिल्लाच्या किमतीखेरीज दहा हजार वेगळे ठेवा, हप्ता थकला तरी त्यांना हात लावायचा नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण अजिबात नको. म्हणजे भरीतही नको, कितीही तोंडाकडे बघत बसलं तरी.

चाळीसगावकर
ताई, त्या माणसाला आठ आठवड्यांचं विचारलं. "तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल" म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे. लेक दोन दिवस बोलली नाही.

बायकोने रात्री कागद घेतला. महिन्याला साडेतीन हजार धरले, आणि ते दहा हजार साठेपर्यंत पिल्लू नाही असं ठरलं. दिवाळीपर्यंत जमेल. लेकीने खाऊचे १४० रुपये आणून त्या कागदावर ठेवले.

केळीवाले भाऊ, आईचा एक प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहितो: "त्याले कळनानी भाकर चालस का?" (ज्वारी-उडदाची भाकरी.)

रावेरचा केळीवाला
कोरभर चालते. ठेचा लागलेला भाग सोडून. आमचा बिट्टू जेवणाच्या वेळी माझ्याकडे येतच नाही, आईच्याच ताटापाशी बसतो.