मदत हवी आहे : ‘प्रवेश निषिद्ध’ फलक लावला की जमीनमालकाची जबाबदारी संपते का?

नमस्कार मंडळी,

आमच्या मोकळ्या जमिनीतून लोक सर्रास ये-जा करतात. पायवाटेने जाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. काळजी आहे ती जुन्या खाणीच्या खड्ड्याची. पाणी साठलं की मुलं तिथे पोहायला उतरतात. कडा ठिसूळ आहेत, खोलीचा अंदाज वरून येत नाही.

मी फलक लावणार आहे, पण तेवढं पुरेसं आहे का? चेरुबिन ग्रेगरी खटल्यात वीज सोडलेल्या उघड्या तारेने घुसखोराचा जीव गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तार लावणाऱ्याला दोषी धरलं. सापळे लावायचे नाहीत हे उघडच आहे, आणि तसं कुणी करूही नये. इंग्लंडमधल्या १९७२ च्या हेरिंग्टन निकालाने मात्र झोप उडाली. तिथे रेल्वेने कुंपण मोडकं ठेवलं होतं, मुलं आत येतात हे कळूनही. जखमी मुलाला भरपाई द्यावी लागली. मुलं येतात हे मलाही ठाऊक आहे.

वकील मंडळींनी किंवा अनुभवी जमीनमालकांनी सांगावं: फलकावर नुसती मनाई लिहावी की ‘खोल पाणी, कडा ढासळते’ हेही? धोका लिहिणं म्हणजे कबुली देणं, असं एकजण म्हणाले. मला ते अजिबात पटत नाही. वाचता न येणाऱ्या लहानग्यांसाठी चित्र काढावं का? सगळ्या हद्दीला कुंपण झेपणारं नाही, फक्त खड्ड्याभोवती घातलं तर चालेल का? पाऊस सुरू होण्याआधी काम उरकायचं आहे.