मराठवाड्यातले जुने विचित्र गुन्हे: कुठं वाचायला मिळतील?

गोदाकाठ: मंडळी, सल्ला पाहिजे. रात्रपाळीत जुन्या पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचायलोय. मुंबई-पुण्याचं रग्गड सापडतं, 1925 चा बावला खून तर पाठ झाला. आपल्याकडचं काय? परभणीकडच्या मानवतच्या खुनांपुढं कुणी जातच नाही. रक्तपातापेक्षा विचित्रपणा असला तर बरं. इंग्रजी चालेल, उर्दू येत नाही.

पाथरीवाला: मानवत झालं म्हणता, पण निकाल वाचलाय का? व्हिडिओवाले गुप्तधन, पिंपळ, मुंजा हेच दळण दळतात. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य', सुप्रीम कोर्ट, 1977, नेटवर फुकट आहे. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात दहा खून. त्यात पाच मुली, सरासरी वय दहा, आणि एक वर्षाचं लेकरू. न्या. य. वि. चंद्रचूडांनी माफीच्या साक्षीदारांची गोष्ट एकेका आरोपीपुरती तपासलीय: याला बाहेरून दुजोरा कुठं आहे? तो भाग दोनदा वाचा. पेपरात हे कधी येत नाही.

कोर्टपक्षी: +1. आधी बातमी, मग निकाल. उलट केलं की मजा जाते.

जुनी बाडं: 1948 च्या आधीचं हवं असेल तर आधी गावांची जुनी नावं पाठ करा, नाहीतर हाती काही लागणार नाही. अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद, धाराशिव म्हणजे उस्मानाबाद. इंग्रजीत बीडचं भीर, नांदेडचं नांदेर. तारखा फसली सनात (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) असतील तर इसवी सनासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 मिळवा, पुढच्या महिन्यांना 591. सातबाऱ्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्यांना हे सांगायला नको! आणि आपला मुलूख निजामाचा, म्हणून फक्त इथलेच पेपर धुंडाळू नका. जुन्या पेपरांचे ऑनलाइन संग्रह, ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट', फुकट आहेत. हिंदुस्थानातल्या चमत्कारिक बातम्या तिकडचे पेपर हौसेनं छापायचे.

गोदाकाठ: हे भारीच. सुरुवात कशानं करू?

जुनी बाडं: जेकब हिऱ्यानं. घटना हैदराबादची, पण पैसा आपल्याच मुलखाच्या वसुलीतला, म्हणून हक्कानं सांगतो. सिमल्याचा जवाहिऱ्या जेकब सहावा निजाम महबूब अली खान याला 46 लाखांना हिरा विकायला निघाला. 23 लाख आधीच जमा. मग व्यवहार फिसकटला आणि फसवणुकीचा खटला 1891 साली कलकत्ता हायकोर्टात उभा राहिला. खुद्द निजामाची साक्ष हैदराबादेत कमिशननं घेतली. जेकब सुटला! पुढं सातव्या निजामाला तो हिरा बापाच्या जोड्यात सापडला आणि त्यानं त्याचा पेपरवेट केला, असं सांगतात. ते मीठ लावून घ्या. 184.75 कॅरट मात्र खरे, 1995 मध्ये भारत सरकारनं निजामाच्या दागिन्यांसोबत विकत घेतला.

पाथरीवाला: ह्यात रक्ताचा थेंब नाही, काम झालं तुमचं.

गोदाकाठ: जेकब सापडला, दोन रात्रींची सोय झाली. पण मोमिनाबाद टाकलं तर गुन्हे कमी, घोडदळातल्या साहेबांच्या बदल्याच जास्त.

जुनी बाडं: छावणी होती ना तिथं, म्हणून. गावाच्या नावाला 'डकैती' (इंग्रजीत dacoity) जोडून शोधा. आणि चांगलं कात्रण मिळालं तर इथंच टाका, एकटेच वाचू नका.