अँजिओग्राफी नॉर्मल असली तरी
कुणी कुणी म्हणतं की मेंदूची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र घेणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणजे फिट्स रक्तवाहिन्यांमुळे नाहीत. एव्हीएमपुरतं (धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेला गुंता) ते बहुतेक वेळा खरं, पण कॅव्हर्नोमा राहिलाच की! तुतीच्या फळासारखा दिसणारा बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका. आत रक्त इतकं संथ वाहतं की अँजिओग्राफीत तो सहसा उमटतच नाही. त्यातून थोडं थोडं रक्त झिरपतं, त्यातलं लोह भोवतालच्या मेंदूत साचतं आणि तेच पेशींना चिथावून फिट आणतं.

माझ्या भावाचा फक्त डावा अंगठा उडायचा, मिनिटभर. हातातला कप हिंदकळायचा, पण शुद्ध शाबूत, त्यामुळे ही फिट असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही (आम्ही आपले व्हिटॅमिनच्या गोळ्या देत बसलो). शेवटी एमआरआयच्या एसडब्ल्यूआय सिक्वेन्समध्ये (झिरपलेल्या रक्तातलं लोह टिपणारा स्कॅनचा प्रकार) काळा ठिपका दिसला, तोच कॅव्हर्नोमा. तुम्हालाही फिट्स येत असतील तर तुमच्या एमआरआयमध्ये तो सिक्वेन्स घेतला होता का, ते रिपोर्टमध्ये बघा.